ऐनवेळचे विषय

प्रति,
सरपंच ताई, उपसरपंच, सर्व सदस्य आणि ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब यांस

प्रत : गटविकास अधिकारी, गावकीचे मानकरी आणि आमचं मुंबई मंडळ

विषय : समुद्रावरच्या पार्किंगचा ठराव, आणि तो ज्या सभेत झाला ती सभा

सप्रेम नमस्कार,

डिसेंबरातली गोष्ट. सकाळी लिलावातून जवळ्याच्या दोन टोपल्या घेऊन मी वाळवणावर गेले, तर वाळूवर चुन्याच्या रेघा मारलेल्या. दोन पोरं टेप धरून उभी. विचारलं, काय मोजताय बाबांनो? म्हणाले, पार्किंग होतंय. कोणी सांगितलं? त्यातला एक हसला. "मावशी, तुमच्याच ग्रामसभेचा ठराव आहे. सर्वानुमते."

मी गेली तीस वर्षं या गावाच्या मतदार यादीत आहे. सर्वानुमते म्हटलं की त्या ‘सर्वां’त मी आले. मला तर काहीच ठाऊक नव्हतं. शेजारी मासळी पसरणाऱ्या बायकांना विचारलं, त्यांनाही नाही. त्या दिवशी आम्ही जवळा रेघांच्या आतच वाळत घातला आणि दुपारी मी ग्रामपंचायतीत आले. भाऊसाहेब, तुम्ही तालुक्याला मिटिंगला गेला होतात. शिपाई म्हणाला, प्रोसिडिंग, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताची वही, बघायची तर अर्ज करावा लागेल. म्हणून अर्ज केला. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

आधी जागेबद्दल सांगते, कारण हे पत्र बाहेरची माणसंही वाचतील आणि त्यांना ती नुसती मोकळी वाळू वाटेल. खाडीच्या तोंडापासून सुरूच्या बनापर्यंतचा हा पट्टा. पूर्वी बन पुढपर्यंत होतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यात सुरू आडवे झाले आणि आमची जागा रस्त्यावरून दिसायला लागली. तेव्हापासून ती ‘मोकळी जागा’ झाली. त्याआधी माझी सासू तिथे मासळी सुकवायची, तिची सासूही तिथेच. आज आम्ही ३१ बायका सुकवतो. जाळं अंथरायचं, त्यावर जवळा पातळ पसरायचा, दर तासा-दीड तासाने हलवायचा. ऊन कडक असेल तर जवळा एका दिवसात वाजायला लागतो. मांदेलीला, बांगड्याला दोन-तीन दिवस लागतात. आभाळ आलं की धावपळ, एक सर आली तर माल वासाला लागतो आणि मग तो कोंबड्यांच्या खाद्याच्या भावाने जातो. अंगणात, पत्र्यावर सुकवून बघितलंय. वाडीत घराला घर लागून आहे, वारा मिळत नाही, मांजरं-कावळे वेगळेच. समुद्राचा वारा आणि दिवसभराचं ऊन एकाच ठिकाणी मिळतं ते इथे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. ते दोन महिने आमची घरं सुक्या मासळीवर चालतात. मे महिन्याच्या अखेरीस आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, खरेदी होते तेव्हा वरच्या गावांतून माणसं येतात, सुकट, सोडे, बांगडा घेऊन जातात, त्या पैशात पोरांच्या वह्या-पुस्तकांपासून कौलं शाकारण्यापर्यंत सगळं. हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. ठराव लिहिताना या जागेला तुम्ही "विनावापर पडीक जागा" असं म्हटलंय, म्हणून सांगते. ते शब्द ज्याने लिहिले त्याने ऑक्टोबर ते मे या काळात एक फेरी मारली असती तरी पुरे होतं.

जागा आमच्या नावावर नाही. सातबारा सरकारी आहे, हे मला कळतं. ग्रामपंचायतीच्या नावावरही ती नाही. तुम्ही दिलीत ती ना हरकत. पण वरच्या कचेरीत ती कागदाची चळत पोचते तेव्हा साहेब पहिलं तेच बघतो, गावाची हरकत आहे का. आणि तिथे लिहिलेलं असतं, नाही.

आणखी एक सांगून टाकते, म्हणजे उगाच फाटे फुटणार नाहीत. पार्किंगला माझा विरोध नाही. माझ्या सख्ख्या जावेने दोन खोल्या पर्यटकांसाठी बांधल्यात, तिचे पाहुणे माझ्याकडूनच सुके बांगडे नेतात. ३१ डिसेंबरला गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागतात, बाळंतिणीला नेणारी गाडी अर्धा तास अडकलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. गाड्यांना जागा हवीच. जुन्या शाळेमागचा माळ का नाही, हे मला विचारायचं होतं. पाच मिनिटं जास्त चालावं लागेल, एवढंच. पण विचारायचं कुठे? जिथे विचारायचं ती सभा होऊन गेली होती.

आता सभेकडे वळते.

मी २०१२ ते २०१७ या काळात सदस्य होते, महिला राखीव जागेवर. २०११ पासून आपल्याकडे निम्म्या जागा बायकांना आहेत, त्यातली एक. निवडून आल्यावर तालुक्याला प्रशिक्षण झालं. दुपारचं जेवण छान होतं आणि एक वाक्य डोक्यात राहिलं. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, ग्रामपंचायत निवडून येते, ग्रामसभा निवडून येत नाही, ती असतेच. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली, तेव्हापासून ग्रामसभेचं नाव थेट घटनेत आहे. गावाच्या मतदार यादीत ज्याचं ज्याचं नाव, तो ग्रामसभेचा सभासद. मुदत नाही, निवडणूक नाही, पक्ष नाही. म्हणजे आपल्या गावात सरपंच ताई धरून तुम्ही आठ जण, आणि ग्रामसभा म्हणजे आम्ही ९४०. तुमचा हिशोब, तुमचा आराखडा, लाभार्थींची यादी हे सगळं या ९४० जणांपुढे यायचं असतं. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत. त्यातला पाचवा मत्स्यव्यवसाय. पार्किंग त्यात कुठे दिसलं नाही, पण ते असो.

ग्रामपंचायत अधिनियमाच्या ७व्या कलमाप्रमाणे वर्षाला निदान चार ग्रामसभा घ्यायच्या. त्या आपल्याकडे होतात, वहीत तरी होतात. सभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला जो आकडा कमी तो. आमचे १५ टक्के म्हणजे १४१, तेव्हा आपल्याला १०० माणसं पुरेत. एवढी जमली नाहीत तर सभा तहकूब होते आणि पुढची तारीख लागते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मागच्या-पुढच्या खुर्च्यांवर मिळून कितीही माणसं असली तरी ती ग्रामसभाच.

ही सवलत का ठेवली असेल ते समजतं. माणसं आली नाहीत म्हणून गावाचं काम अडून राहू नये. पण आपल्याकडे काय झालंय? गेल्या तीन वर्षांच्या वह्या मी माहितीच्या अधिकारात बघितल्या. बारा सभा. त्यातल्या दहा तहकूब. म्हणजे पहिली तारीख ही आता तहकूब करण्यासाठीच असते आणि खरी सभा दुसऱ्या तारखेची. २ ऑक्टोबरला ३८ माणसं आली होती. अर्ध्या तासात सभा तहकूब. पुढची सभा त्याच महिन्यातल्या एका मंगळवारी, सकाळी दहाला. ऑक्टोबरात मंगळवारी सकाळी दहाला आमच्या वाडीतले पुरुष समुद्रात असतात आणि बायका वाळवणावर नाहीतर बाजाराच्या एसटीत. वरच्या वाडीत त्या दिवसांत भातकापणी. त्या सभेला २३ जण होते. मी वहीवरून मोजले. तुम्ही आठ. भाऊसाहेब, शिपाई, संगणकवाला मुलगा, अंगणवाडीच्या बाई आणि आशाताई मिळून पाच. उरले दहा. त्यातल्या सहा जणांना मी भेटून विचारलं. ते घरकुलाच्या यादीत नाव लागलं का बघायला आले होते, नाव बघून निघाले. पार्किंगचा विषय निघाला तेव्हा ते कुणीच खोलीत नव्हते.

कारण तो विषय नोटिशीत नव्हताच. नोटिशीत सहा विषय होते, मागील इतिवृत्त कायम करणे वगैरे. आणि शेवटचं नेहमीचं सातवं कलम : "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय." या एका ओळीत आपल्या गावात गेल्या तीन वर्षांत काय काय आलंय ते मी वाचलं. स्मशानशेडचा ठेका. नळपाणी योजनेच्या दुरुस्तीचं बिल. खाडीकडच्या पायवाटेवरचं गेट. आणि हे पार्किंग. ऐनवेळी म्हणजे एखाद्याची विहीर खचली, वीज पडून गुरं मेली, अशा गोष्टी. बारा गुंठ्यांचं पार्किंग कुणाच्या डोक्यात सभा चालू असताना अचानक येत नाही. ठरावाला नकाशा जोडलेला आहे, टाइप केलेला, शिक्क्यासकट.

आता सहीचं.

ठरावात लिहिलंय की १ ऑक्टोबरच्या महिला सभेनेही या कामास पाठिंबा दिला. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची हा कायदा चांगला आहे. बायका सगळ्या गावापुढे बोलत नाहीत, आपापसांत बोलतात, मग तेच मोठ्या सभेत मांडता येतं. महिला सभेच्या पानावर ३४ सह्या आहेत. सतरावी सही माझी.

सही खोटी नाही, माझीच आहे. मी सभेला गेले नव्हते. कुणीच गेलं नव्हतं, कारण सभा झालीच नव्हती. संध्याकाळी शिपाई वही घेऊन दारात आला. तो आमच्या भावकीतला, गरीब माणूस, त्याचा यात काही दोष नाही. म्हणाला, काकी, नेहमीची सही. माझे हात मासळीचे होते, धुतले आणि सही केली. वरचं पान कोरं होतं. गेली कित्येक वर्षं आम्ही अशाच सह्या करत आलो. म्हणजे ज्या ठरावाने माझी जागा जाणार, त्याच्या पाठिंब्याला माझं नाव आहे. फेब्रुवारीत ते पान हातात आलं तेव्हा मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. शेजारीण विचारायला आली, बरं नाही का?

आणि खरं सांगायचं तर सदस्य असताना मीही हेच केलं. पहिलं वर्षभर माझ्या जागी मालकच बसायचे, मी सही करायची. पुढे मी स्वतः बसायला लागले, पण तहकूब सभेत हात वर करणाऱ्यांत मीही होते. अनुमोदक म्हणून माझं नाव किती ठरावांवर आहे ते मला सांगता येणार नाही. तेव्हा वाटायचं, कोणी येत नाही तर काय करणार? त्या वेळी ज्यांचं काही गेलं असेल त्यांनी मला हे पत्र लिहायला हवं होतं.

अर्जाचं राहिलं. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून डिसेंबरात अर्ज दिला. माहितीचा अधिकार २००५ चा, उत्तर ३० दिवसांत द्यायचं. दिलं नाही. भाऊसाहेब, तुम्ही वाटेत भेटलात तेव्हा म्हणालात, मावशी, अर्ज कशाला, तोंडी विचारायचं ना. मी तोंडीच विचारायला आले होते. मग २० रुपयांचं तिकीट लावून पंचायत समितीत अपील केलं. तिथल्या साहेबांनी सुनावणी लावली, समजून घेतलं, कागद द्यायला सांगितलं. त्यांचे आभार. २ रुपये पानाप्रमाणे १४ पानांचे २८ रुपये भरले. तिकिटं, झेरॉक्स, तालुक्याला दोन खेपा, एसटीचं भाडं आणि दोन दिवसांची बुडालेली मासळी. माझ्या गावाने काय ठरवलं हे मला कळायला एवढा खर्च आला. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिलंय की असली माहिती कुणी मागण्याआधीच लोकांपुढे ठेवायची.

पूर्वी सभेची दवंडी असायची, वाडीवाडीतून. आता व्हॉट्सअ‍ॅपचा गट आहे. त्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येतं. वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात, उद्घाटनाचे फोटो येतात. तहकूब सभेची नोटीस आदल्या रात्री पावणेअकराला आली होती. कोळीवाड्यात त्या वेळी कोण जागं असतं? आमचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. वित्त आयोगाच्या पैशांबद्दलही असंच. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता हे मला माहीत आहे, तो आपल्या गावात कुठे गेला ते माहीत नाही. ‘आमचा गाव, आमचा विकास’ म्हणून आराखडा करायचा असतो. आमचा आराखडा कोणी केला? पण ते वेगळं प्रकरण आहे, त्याचं वेगळं पत्र लिहीन.

हे सगळं तुमच्याच माथी मारून मोकळं होता येणार नाही. म्हणून दोन शब्द गावकीला आणि मुंबई मंडळाला.

गावकीची बैठक देवळात असते तेव्हा गणपूर्तीचा प्रश्न कधी आला नाही. शिमग्याच्या आधी पालखी कुठल्या वाडीत कधी जायची हे ठरवायला दीडशे माणसं रात्री एकपर्यंत बसतात. मुंबईहून रातराणीने येऊन बसतात. नारळ कुणी फोडायचा यावर तीन-तीन तास बोलतात. त्याला माझी ना नाही, पालखी माझ्याही दारात येते. पण तेवढीच माणसं वर्षातून चार वेळा शाळेत येऊन बसली असती तर कुठलाच ठराव २३ माणसांत झाला नसता. गावकीत आम्ही बायका बसत नाही, ती रीत. ग्रामसभेत मात्र कायद्याने आमची खुर्ची तुमच्याएवढीच आहे. म्हणून की काय, गावाला गावकी खरी वाटते आणि ग्रामसभा सरकारी.

मंडळाच्या भावांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांची नावं तिकडच्या यादीत आहेत. माणूस एकाच ठिकाणी मतदार असतो. तेव्हा ग्रामसभेत तुम्हाला मत नाही, पण तुमच्या शब्दाला इथे वजन आहे हे आपण सगळे जाणतो. पार्किंगची कल्पना पहिल्यांदा तुमच्या दादरच्या बैठकीत निघाली असं ऐकलं. निघाली असेल, वाईट नाही. ज्यांची नावं अजून गावच्या यादीत आहेत त्यांनी १ मे च्या सभेला यावं. ज्यांची नाहीत त्यांनी आपल्या घरातल्या वहिनीला, आईला फोन करून सांगावं की जा. मे महिन्यात तुम्ही आंब्याला येताच.

माझा धाकटा दीर म्हणाला, वहिनी, हे छापलंस तर वाळीत टाकतील. टाकणार नाहीत. आपलं गाव तसं नाही असं मी मानते, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदाही आहे हे त्याला सांगून ठेवलंय.

तक्रार घेऊन वर जावं तर तिथेही काही वर्षं रिकामीच होती. आपल्या जिल्हा परिषदेची आणि पंचायत समितीची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे किती तरी काळ प्रशासकच होते. घटना म्हणते पाच वर्षं आणि त्याहून जास्त नाही, मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. या काळात आमच्यासारखीने आपला पंचायत समितीचा सदस्य म्हणून कुणाचं दार वाजवायचं? तेव्हा गावात निवडून आलेली माणसं होती ती तुम्हीच. म्हणून तुमच्याकडून अपेक्षा जास्त, आणि रागही जास्त.

आपल्याच कोकणात, रायगडात पेण तालुक्यातल्या २२ गावांनी २१ सप्टेंबर २००८ ला सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, जमिनीबद्दल मतदान केलं होतं. सरकारनेच ते घेतलं. लोक रांगा लावून आले, चिठ्ठीवर हो किंवा नाही. तिथे हजारो एकरांचा प्रश्न होता, आपला बारा गुंठ्यांचा. पण विचारलं तर माणसं येतात, एवढं त्यातून दिसतं. आमच्या वाडीत कुणी विचारलंच नाही.

तर मागण्या. जास्त नाहीत.

१. पार्किंगचा ठराव स्थगित ठेवा आणि तसं तहसील कचेरीला लेखी कळवा. विषय १ मे च्या ग्रामसभेत पुन्हा घ्या, नोटिशीत ठळक नाव घालून, नकाशा आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या फलकावर लावून. आतल्या नव्हे, बाहेरच्या. शाळेमागच्या माळाचा पर्याय त्याच सभेत मांडा. सभेने पार्किंग समुद्रावरच करायचं ठरवलं तर मी गप्प बसेन असं म्हणत नाही, पण तो ठराव गावाचा आहे हे मान्य करीन.

२. सभेची वेळ ठरवण्याआधी कोळीवाडा आणि वरची वाडी दोन्हीकडे विचारा. आम्हाला सकाळी अकरानंतर चालतं, शेतावरच्यांना कदाचित संध्याकाळ बरी पडेल.

३. जागा, पैसा आणि लाभार्थी, या तिन्हींबद्दलचा कुठलाही विषय ऐनवेळी घेऊ नये. तहकूब सभेत तर नाहीच नाही.

४. सह्यांची वही दारोदार फिरवणं आजपासून बंद. महिला सभा समाजमंदिरात घ्या, विषय वाचून दाखवा, मग सही. सरपंच ताई, हे तुम्ही स्वतः करा अशी माझी विनंती आहे. तुम्हीही वाळवणावरच्या घरातल्या लेकी. सभेत तुम्ही बोलता तेव्हा बायका ऐकतात. भाऊजींनी उत्तर दिलं की उठून जातात, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

५. प्रत्येक सभेचं इतिवृत्त आठवड्याच्या आत फलकावर आणि गटावर. आणि गटात आम्हालाही लिहू द्या. शुभेच्छांना उत्तर देता आलं तर बरंच.

६. किनारा नियमनाच्या २०११ च्या आणि नंतरच्या २०१९ च्या अधिसूचनेत म्हटलंय की मच्छीमारांच्या सामायिक जागा, मासळी सुकवण्याच्या जागा नकाशावर दाखवायच्या. आपल्या गावाच्या नकाशावर आमचं वाळवण दाखवलंय का, ते ग्रामपंचायतीने लेखी विचारावं. दाखवलं नसेल तर दाखवा म्हणून ठराव करावा. हा ठराव कराल तेव्हा वही घेऊन या, मी वाचून सही करीन. हात धुऊन.

१ मे च्या सभेला कोळीवाड्यातून निदान साठ बायका येतील, मी घरोघर जाऊन बोलले आहे. वरच्या वाडीतल्या बचत गटाने चाळीस सांगितल्यात. तेवढ्यातच आकडा पुरा होतो. लिलाव नऊ-साडेनऊला आटपतो, माल पसरून, पाळीला पोरांना बसवून आम्ही अकराला शाळेत पोचू. शाळेत खुर्च्या तीसच आहेत. बाकीच्यांसाठी चटया आम्ही आणतो.

आपली,
कोळीवाड्यातली एक मतदार

(नाव लिहिलं नाही. गावात सगळ्यांना ते माहीत आहे आणि बाहेरच्यांना त्याचा उपयोग नाही. टाइप पुतण्याने करून दिलं, चुका त्याच्या.)